यादीतलं चौथं नाव

मी माझ्या बायकोला निवडणुकीत पाडलं. ती विरोधी पक्षात नव्हती, आमचं भांडणही झालेलं नव्हतं, आणि त्या दिवशी सकाळी तिनंच माझ्या टायची गाठ सारखी करून दिली होती. तरी पाडलं. आता हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. उलट मला काही लोकांचे आभार मानायचे आहेत, आणि तोंडावर आभार मानले की आमच्या कूम हेलिग गावातली माणसं घाबरून घरात जातात, म्हणून लिहून टाकतो.

त्याचं असं झालं. येत्या गुरुवारी आमच्या सेनेधची, म्हणजे कार्डिफला बसते त्या वेल्सच्या संसदेची, निवडणूक आहे. पद्धत नवीकोरी. पूर्वी प्रत्येकाला दोन मतं असायची, आता एकच फुली. मतदारसंघ मोठे केलेत, एकेका मतदारसंघातून सहा जण निवडून जायचे, आणि फुली मारायची ती पक्षाच्या यादीपुढे. यादीत कोण वर आणि कोण खाली हे पक्षानं आधीच ठरवलेलं. मग मतांना दोननं भाग, तीननं भाग, चारनं भाग, असं करत दर वेळी ज्याचा आकडा मोठा त्याला एकेक खुर्ची वाटायची. ही भागाकाराची युक्ती कुणा बेल्जियन वकिलाची आहे म्हणतात. वकील माणूस भागाकार करायला लागला की काय होतं हे मला आता चांगलंच ठाऊक आहे.

गावात ही पद्धत कुणालाच कळली नव्हती. मला कळली होती. मी चौतीस वर्षं बसचं वेळापत्रक बनवलंय. बसगाड्या ते पाळायच्या नाहीत हा बसगाड्यांचा स्वभाव, त्यात वेळापत्रकाचा दोष नाही. तेव्हा मार्च महिन्यात मी गावच्या सभागृहात एक व्याख्यान ठेवलं. विषय: 'आपलं मत आणि आपले सहा सभासद'. सात जण आले. त्यातले तिघे झोपले, दोघे घरचा हीटर बिघडलाय म्हणून आले होते, एक जण मीच, आणि सातवा आमचा शेजारी हायडन.

हायडन हा निवृत्त प्लंबर. त्याला सगळ्या विषयांतलं कळतं, आणि कळलेलं तो कुंपणावरून सांगतो.

"इद्वल," तो म्हणाला, "तू बोललास छान. पण मला काही कळलं नाही, आणि मला नाही कळलं म्हणजे गावात कुणालाच कळलेलं नाही."

"मग काय करू? फळ्यावर काढून दाखवलं, हातवारे केले…"

"पोहायला शिकवताना फळा वापरतात का? पाण्यात ढकलतात. लोकांना एक निवडणूक करूनच दाखव की. चहा समितीची निवडणूक आलीच आहे."

इथेच मी 'नको' म्हणायला हवं होतं. पण माणसाला ज्या विषयातलं थोडं कळतं त्या विषयात त्याला 'नको' म्हणता येत नाही.

चहा समिती म्हणजे आमच्या सभागृहाची चहा समिती. सहा खुर्च्या. मयत, लग्न, रक्तदान, रग्बीचा सामना, मतदान, काहीही असो, सभागृहात जो चहा होतो तो ही समिती करते. गावात दोन चॅपल आहेत, बेथेल आणि सेलेम. दोन्हींत देव एकच आहे, पण केक वेगवेगळे. त्यामुळे समितीत दोन्हीकडच्या बायका असतात. निवडणूक म्हणजे वार्षिक सभेत सगळ्यांनी हात वर करायचे, आणि आधीचेच सहा जण पुन्हा निवडून यायचे. माझी बायको नेस्टा या समितीत एकतीस वर्षं होती. चहाचा मोठा बंब तिच्या ताब्यात. तो बंब कधी कुरकुरतो, कधी थुंकतो, आणि त्याला कुठे थापटलं की तो गप्प बसतो, हे गावात तिलाच माहीत.

तुम्हाला वाटेल, चहा तो काय आणि समिती ती काय. पण नेस्टा आधी गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळा बंद झाली. मग पोस्टात बसायला लागली, तर पोस्ट बंद झालं. मुलगी लग्न करून न्यूझीलंडला गेली. या तिन्ही वेळी, अगदी दुसऱ्या दिवशी, नेस्टा एप्रन बांधून सभागृहात बंबापाशी उभी होती. ती कधी रडली असेल तर त्या वाफेत रडली असेल. मला दिसलं नाही.

असो. मी कामाला लागलो. प्रथम नियम लिहिले. एकूण एकोणीस. यादीपुढे फक्त फुली. दुसरं काहीही लिहिलं तर चिठ्ठी बाद, हा नियम अकरा. जागा रिकामी झाली तर त्याच यादीतलं पुढचं नाव आपोआप आत, यादी संपली तर जागा रिकामीच, आणि लेखी राजीनामा एकदा हातात पडला की परत नाही, हा नियम चौदा. बाद चिठ्ठ्या मोहोरबंद करून वर्षभर ठेवायच्या, त्या कुणी वाचायच्या नाहीत, हा नियम एकोणीस. स्वतःची नेमणूक मी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून केली. दुसरं कुणी ते पद मागितलं नाही.

मग कौन्सिलमधून एका बाईंचा फोन आला.

"मिस्टर प्रॉसर, तुमचं सभागृह सात मेचं मतदान केंद्र आहे. त्याच जागी त्याआधी तुम्ही दुसरी निवडणूक घेताय असं कळलं."

"चहाची आहे हो."

"लोकांचा गोंधळ होईल. कुणाला वाटलं की मत देऊन झालं, आणि तो सात तारखेला आलाच नाही, तर?"

शेवटी असं ठरलं की दारावर पाटी लावायची: 'ही निवडणूक म्हणजे ती निवडणूक नव्हे.' दोन्ही भाषांत, वेल्श वर आणि इंग्रजी खाली. शिवाय धोक्यांचा एक फॉर्म भरायचा. मी त्यात लिहिलं, 'धोका: चहा गरम असतो.' फॉर्म परत आला. 'धोका कमी करण्यासाठी कोणती पावलं उचलणार?' मी लिहिलं, 'तो निवेपर्यंत थांबणार.' तो मंजूर झाला.

मतपेटी द्यायला कौन्सिलनं नकार दिला. हायडननं रग्बी क्लबातून लकी ड्रॉचं फिरतं पिंप आणून दिलं. मत देण्यासाठी आडोसा हवा, तर नाताळच्या नाटकातला गोठा माळ्यावर पडलेला होता. तो उभा केला. त्याच्यावर रंगवलेलं गाढव मतदाराच्या खांद्यावरून बरोबर चिठ्ठीत डोकावतं, हे मतदान सुरू झाल्यावर लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता.

याद्या तीन आल्या. सेलेमची यादी मिसेस प्यू यांनी आणली. मिसेस मॉरविद प्यू म्हणजे सेलेमचा कणा. नेस्टा आणि त्या वीस वर्षं एकाच ओट्यावर काम करतात, आणि कामापलीकडे एक शब्द बोलत नाहीत. यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं, बिनदिक्कत. दुसरी यादी रग्बी क्लबची, पहिलं नाव हायडन. त्याला साधं पाणी उकळता येत नाही. "लोकशाहीत पर्याय लागतो," एवढंच त्याचं म्हणणं. तिसरी आमची, बेथेलची. ती लिहायला मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

आता आमच्या बेथेलमध्ये एक रीत आहे. जो यादी लिहितो त्यानं आपल्या घरचं नाव सगळ्यांत शेवटी लिहायचं. सहलीची यादी असो, रात्रीच्या जेवणाची असो, वर्गणीची असो. आधी लोक, मग आपण. माझ्या वडिलांनी एकदा सहलीच्या बसची यादी लिहिली, स्वतःचं नाव शेवटी घातलं, बस भरली आणि सहल त्यांना सोडून समुद्रावर गेली. त्याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता. अशा घराण्यातला मी. मी लिहिलं: एर्लिस बोवेन, तिची बहीण मेन्ना बोवेन, ऑल्वेन ट्यूडर, आणि चौथी नेस्टा प्रॉसर. चौघी समोरच बसल्या होत्या. चौघींनी मान डोलावली. ऑल्वेन तर लहान बाळाला म्हणावं तसं 'बाख' लावून म्हणाली, "इद्वल बाख, तुझ्या वडिलांचं वळण गेलं नाही हो तुझ्यातून." मला फार बरं वाटलं.

यादीतला क्रम हाच या पद्धतीत सगळं काही आहे, असं मी सहा आठवडे गावाला ओरडून सांगत होतो. पण ते दुसऱ्यांना सांगत होतो. स्वतः लिहिताना माझा हात चॅपलमध्ये होता.

मतदानाला दीडशे माणसं आली. आमच्या गावात एवढी माणसं मयतालाही येत नाहीत, आणि मयताला तर सँडविच असतात. लकी ड्रॉच्या पिंपाची सगळ्यांना सवय, त्यामुळे प्रत्येक जण चिठ्ठी टाकायचा, दांडा धरून पिंप दोनदा फिरवायचा, आणि मग नंबर निघण्याची वाट बघत उभा राहायचा. एका म्हाताऱ्यांना मी हात जोडून बाजूला केलं. "मला काय लागलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरकार लागलं. ते म्हणाले, गेल्या वेळी नाताळची टर्की लागली होती.

चार वाजता मोजणी सुरू झाली. मी फळ्याशी. तिन्ही याद्यांचे साक्षीदार टेबलाशी, त्यात सेलेमकडून खुद्द मिसेस प्यू. नेस्टा सगळ्यांना चहा देत फिरत होती.

पहिली अडचण बाद चिठ्ठ्यांची. चोवीस जणांनी फुली मारलीच नव्हती. चौकटी मोकळ्या, आणि खाली कागदावर लिहिलेलं, 'नेस्टा'. काहींनी नावानंतरही बरंच लिहिलं होतं, पण चिठ्ठी बाद आहे हे कळण्यापुरतंच निर्णय अधिकाऱ्यानं वाचायचं, पुढचं वाचायचं नाही, असं मी ठरवलेलं. मी चिठ्ठ्या पालथ्या घालून बाजूला ठेवत गेलो.

"अहो मिस्टर प्रॉसर," मिसेस प्यू म्हणाल्या, "नेस्टा एकाच यादीत आहे. मत कुठल्या यादीला आहे ते या भिंतीवरच्या गाढवालाही कळेल. धरा की त्या."

"नियम अकरा."

"नियम तुम्हीच केलात ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "माझी बायको आहे. उद्या लोक म्हणतील, इद्वलनं घरचं बघितलं."

"विरुद्ध बाजूचा साक्षीदार धरा म्हणतोय, आणि तुम्ही नको म्हणताय. विचित्र माणूस आहात."

मी चोवीस चिठ्ठ्या लिफाफ्यात घालून त्यावर लाख ओतली. माझ्या आयुष्यात मी इतका निःपक्षपाती कधी वाटलो नव्हतो स्वतःला.

उरलेल्या मोजल्या. बेथेल एकसष्ट, सेलेम बेचाळीस, रग्बी तेवीस. टाळ्या पडल्या. मी फळ्यावर भागाकार मांडला. पहिली खुर्ची बेथेल, दुसरी सेलेम, तिसरी बेथेल, चौथी रग्बी. हायडन उभ्यानं पांढरा पडला. "मी? मला चहा करता येत नाही!" पाचवी सेलेम. सहावी बेथेल, वीस आणि वर थोडं. संपलं. मी खणखणीत आवाजात नावं वाचायला घेतली.

"बेथेल यादी, तीन जागा. एर्लिस बोवेन. मेन्ना बोवेन. ऑल्वेन ट्यूडर."

आणि पुढचं नाव वाचायला तोंड उघडलं, तर पुढे जागाच नव्हती. समितीला सात खुर्च्या असत्या तर सातवी नेस्टाची होती. मी तोंड तसंच उघडं ठेवून सेलेमकडे वळलो. अधिकारी माणसानं मध्येच थांबायचं नसतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पण आम्ही सगळ्यांनी नेस्टालाच दिलं होतं की." दुसरा म्हणाला, "मीही." तिसरा म्हणाला, "मग पडली कशी?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच गावाला ही पद्धत नीट कळली.

नेस्टानं हातातली किटली खाली ठेवली. एप्रन सोडला, घडी घातली, खिळ्यावर अडकवला. एर्लिसपाशी जाऊन म्हणाली, "अभिनंदन हं." मग मेन्नाला, ऑल्वेनला, मिसेस प्यूंना, अगदी हायडनलाही. मग घरी निघून गेली.

मी घरी पोचलो तेव्हा ती शांतपणे विणत बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नेस्टा, चहा…"

"किटली तिथे आहे. मी आता चहा समितीत नाही."

मी स्वतः चहा केला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रविवारी कुंपणावरून हायडननं गणित करून दाखवलं, बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर. "त्या चोवीस धरल्या असत्यास तर बेथेलची पंच्याऐंशी. भागिले चार, सव्वाएकवीस. सेलेमची दुसरी खुर्ची एकवीसवर होती. पाव मतानं आली असती रे नेस्टा! पाव मतानं!"

"भागाकार येतो म्हणजे तुला."

"तू फळ्यावर दाखवलास ना. तुला नुसते आकडे कळले, मला पद्धत कळली," तो म्हणाला. "आणि ऐक, मला त्या बंबापासून वाचव. माझ्या बायकोनं हसून हसून दातांची कवळी गिळली असती."

त्याच दिवशी चॅपल सुटल्यावर नेस्टा सवयीनं सभागृहाच्या फाटकापर्यंत चालत गेली. कडीला हात लावला. मग आठवलं, आणि उगाच हातमोजे सारखे करत परत फिरली. मी दहा पावलं मागे होतो. त्या क्षणी मला माझी, माझ्या एकोणीस नियमांची आणि माझ्या वडिलांच्या त्या सहलीचीही लाज वाटली. बायकोला मागे ठेवण्यात कसला आलाय मोठेपणा? माझं नाव शेवटी घालायचा मला अधिकार होता. तिचं घालायचा नव्हता.

सोमवारी सकाळी नऊला ऑल्वेन आली. एका हातात 'बारा ब्रिथ' नावाचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा तो आमचा पाव, अजून कोमट. दुसऱ्या हातात चिठ्ठी. "राजीनामा," ती म्हणाली. "तिसरी जागा माझी. मी गेले की चौथी नेस्टा येते. नियम चौदा. मी पाठ केलाय. कुणाला सांगू नकोस मी मुद्दाम केलं, सांग की पाठ दुखते." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. नेस्टा बाहेर गेली होती. येईल तेव्हा केवढी गंमत, असं म्हणत मी तो पाव टेबलावर ठेवला.

साडेनऊला मागच्या दारानं एर्लिस बोवेन आली. तिच्या हातात केक. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझ्या हातात कागद कोंबला. "माझे गुडघे, इद्वल. राजीनामा. मेन्नाला सांगू नकोस, ती मोडेल." आणि गेली. मी "अगं थांब, ऑल्वेननं आधीच…" म्हणेपर्यंत ती वळणापार होती. तिचे गुडघे मला तरी उत्तम वाटले.

दहाला दारातल्या फटीतून पाकीट पडलं. मेन्ना. 'एर्लिसच्या गुडघ्यांमुळे मला तिच्याकडे बघावं लागेल. राजीनामा. एर्लिसला सांगू नये. पायरीवर टार्ट आहे.'

मी खुर्चीत बसलो आणि माझेच नियम पुन्हा वाचले. राजीनामे परत देता येत नाहीत. बेथेलच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या. यादीत नाव एकच उरलेलं. म्हणजे नेस्टा एकटी आत, आणि दोन खुर्च्या पुढचं वर्षभर ओस. तीन भल्या बायकांनी एकमेकींना न सांगता एकाच सकाळी चांगुलपणा केला, आणि त्या चांगुलपणानं आमच्या चॅपलच्या दोन खुर्च्या घालवल्या.

नेस्टा आली. टेबलावर पाव, केक आणि टार्ट बघून दारातच थबकली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. म्हणजे तिघी गेल्या, पण समितीतून." मी सगळं सांगितलं. "तू निवडून आलीस, नेस्टा!"

तिनं कोट काढला, तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, आणि नीट एकावर एक ठेवल्या. "नको."

"नको म्हणजे?"

"माझी दया आली त्यांना. बिचारी नेस्टा, एकतीस वर्षं होती, द्या तिला खुर्ची. मला दयेची खुर्ची नको, इद्वल. लोकांनी मत दिलं, मोजलं, मी पडले. झालं. गुरुवारी त्या मतदानाला चहा कोण करायचं ते त्यांचं ते बघतील."

"लोकांना तूच हवी होतीस."

"कुणी सांगितलं तुला? हात वर करतात लोक. शेजारचा करतो म्हणून करतात. एकतीस वर्षं त्यांनी हात वर केले, त्यात मी किती होते आणि सवय किती होती, हे मला काय माहीत? तुला तरी माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. पण ते कुठे लिहिलेलं आहे हे मला माहीत होतं. मी उठलो, कपाटातला तो लिफाफा काढला आणि सुरीनं लाख फोडली. एकोणीस नियमांतला शेवटचा नियम मोडताना मला जड गेलं, हे कबूल करतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक बससुद्धा वेळेआधी सोडलेली नाही.

"हे वाचायचं नसतं ना?" नेस्टा म्हणाली.

"नसतं. वाच."

तिनं चष्मा लावला. मी तिच्या खांद्यावरून वाचू लागलो.

'नेस्टा. खूण कुठे करायची कळलं नाही, पण नेस्टा.'

'शाळेत मला दुसऱ्यांदा पुडिंग वाढायची ती.'

'नेस्टा. बाकी पाच जण कुणीही चालतील.'

एका चिठ्ठीवर अक्षर नव्हतंच. वाफाळणारा कप काढला होता, आणि कपाला एप्रन.

'आई गेली त्या दिवशी हिनं माझ्या हातात कप दिला आणि शेजारी बसली. काही बोलली नाही. सगळे बोलत होते. नेस्टा.'

ही चिठ्ठी तिनं बराच वेळ धरून ठेवली. मग एकेक करत पुढच्या वाचल्या. मी तिचा चेहरा बघत नव्हतो, कारण मग मला माझाही सांभाळता आला नसता. ज्या चिठ्ठ्या मी पालथ्या घातल्या, त्या ह्या. मी त्यांना 'बाद' म्हटलं होतं.

विसावी की एकविसावी चिठ्ठी उलटली आणि नेस्टा ताठ बसली.

'नेस्टा प्रॉसर. चहा फार कडक करते. पण ती नसली तर मला तिथे बोलायला कुणी नाही.'

अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक टिंब जागच्या जागी.

"हे मॉरविद प्यूचं आहे," नेस्टा म्हणाली. "वीस वर्षं तिच्या मुरंब्याच्या बाटल्यांवर हेच अक्षर बघतेय मी."

"पण तुम्ही दोघी तर कधी बोलत नाही."

"बोलत नाही," नेस्टा म्हणाली. "मी ओटा पुसते, ती भांडी पुसते. वीस वर्षं." मग तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली आणि तिच्या भुवया वर गेल्या. "कडक? माझा चहा कडक?"

ती उठली, दिवाणखान्यात गेली आणि फोन फिरवला. दार उघडं होतं.

"मिसेस प्यू? नेस्टा बोलतेय. … हो, बरी आहे. उद्या साडेनऊला सभागृहात या, गुरुवारची तयारी करायची आहे. पंधरा तास मतदान आहे, दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि हायडनची धरली तर तीन. … हो, मी घेतली जागा. … नाही, त्यात काय उपकार." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "मलाही." आणि मग, "आणि तुम्हाला जर चहा कडक लागत असेल तर दूध जास्त घालत जा. वीस वर्षं सांगायला काय झालं होतं?"

त्यानंतर तो फोन पाऊण तास चालला. मी घड्याळ लावून बघितलं.

तर आभार. ऑल्वेनचे, आणि बोवेन बहिणींचे, ज्यांचं बिंग मी इथे फोडतो आहे आणि ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. हायडनचे, त्यानं मला पाण्यात ढकललं म्हणून. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांचं काम, म्हणजे कपबश्या विसळणं, समितीनं एकमतानं माझ्याकडे सोपवलंय. मला मत नाही, फक्त फडकं आहे, आणि गुरुवारी सकाळी सातपासून मी ते घेऊन उभा असेन. तुम्ही या. एकच फुली मारा, चौकटीत मारा, आणि त्याखाली काहीही लिहू नका, कारण ती मोजणी करणारे माझ्याहूनही कडक आहेत. मन मोकळं करायचं असेल तर चहाच्या ओट्याकडे या. तिथे दोन बायका बोलत असतील. त्यांचं बोलणं थांबेपर्यंत वाट बघावी लागेल, एवढंच.